बाळ आत्ता की दोन वर्षांनी?

मूल कधी, यावरून नवरा-बायकोत मतभेद असल्याची पत्रं गेल्या काही महिन्यांत बरीच आली. त्यांतल्या चार पत्रांना स्त्रीरोगतज्ज्ञ आणि विवाह समुपदेशक यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझं वय 31, नवऱ्याचं 34. लग्नाला चार वर्षं झाली, दोघंही पुण्यात आयटीत आहोत. मला आता बाळ हवंय. तो म्हणतो, फ्लॅटचं कर्ज जरा हलकं होऊ दे, दोन वर्षांनी बघू. मागच्या वर्षीही तो दोन वर्षंच म्हणाला होता. विषय काढला की भांडण आणि मग चार दिवस अबोला. सासूबाई माझ्या बाजूने बोलतात, त्याने प्रकरण आणखी चिघळतं.

उत्तर : मागच्या वर्षीही दोन वर्षं आणि यंदाही दोनच, हे तुमच्या पत्रातलं कळीचं वाक्य. दोन वर्षं थांबायला हरकत नाही. पण ती कुठल्या महिन्यापासून मोजायची, हे ठरलेलं नसलं तर ती कधीच संपत नाहीत.

तारखेआधी एक गोष्ट विचारून घ्या : मुलं किती हवीत? बहुतेक जोडपी यावर बोललेलीच नसतात आणि सगळा हिशेब तर इथेच फिरतो. 33व्या वर्षी प्रयत्न सुरू केले आणि सहा-बारा महिन्यांत दिवस राहिले, तर पहिलं बाळ साधारण साडेचौतिसाव्या वर्षी होईल. पुढच्या गरोदरपणाआधी दोन वर्षांचं अंतर ठेवा असं डॉक्टर सांगतात. म्हणजे दुसऱ्यासाठी प्रयत्न साडेछत्तिसाव्या वर्षी आणि बाळंतपण 38च्या आसपास. आज सुरुवात केली तर तेच दुसरं बाळंतपण 36च्या आत-बाहेर येतं. तिशीच्या सुरुवातीपर्यंत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते, चाळिशीत ती दहात एक किंवा त्याहूनही कमी होते. घसरण 35नंतर जाणवते आणि 37नंतर वेग घेते. तेव्हा एकच मूल हवं असेल, तर नवऱ्याची दोन वर्षं वैद्यकीयदृष्ट्या फार चिंतेची नाहीत. दोन हवी असतील, तर ती महाग पडू शकतात. हे गणित दोघांनी एकाच कागदावर मांडा. तुम्ही तोंडी सांगितलंत तर त्याला ती धमकी वाटेल.

आता कर्जाचं. 60 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुमारे 52 हजार बसतो. दोन वर्षांत तुम्ही साडेबारा लाख भरता आणि मुद्दल उतरतं जेमतेम अडीच लाखांनी, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. हप्ता तोच राहतो. म्हणजे 'कर्ज हलकं होऊ दे' ही अट दोन वर्षांत पुरी होणारीच नाही. नवऱ्याला हे माहीत नसेल असं नाही, हातात पैसा उरणार नाही ही त्याची खरी भीती असावी. ती रास्त आहे, आणि तिच्यावर इलाजही आहे. पुढचे सहा महिने घर एका पगारात चालवून बघा : हप्ता, किराणा, पेट्रोल सगळं. दुसरा पगार थेट वेगळ्या खात्यात. सहा महिन्यांनी जमलेली रक्कम आणि झालेली ओढाताण, दोन्ही दोघांना दिसतील. त्यावर भांडायला तरी काहीतरी ठोस असेल.

याच काळात दोन कागद तपासा. पहिला आरोग्य विम्याचा. स्वतः काढलेल्या बहुतेक पॉलिसींमध्ये बाळंतपणाचा खर्च मिळायला दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. थांबायचंच ठरलं, तर पॉलिसी आज घ्या. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा इतका काळ थांबावं लागत नाही, पण प्रसूतीसाठी वेगळी मर्यादा असते. ती किती, सिझेरियनला किती आणि बाळाचा पहिल्या दिवसापासूनचा खर्च धरलाय का, हे एचआरला ईमेल करून लेखी मागा. दुसरा कागद रजेचा. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. नोकरी बदलायचा विचार असेल तर हा आकडा विसरू नका.

तपासण्यांसाठी मात्र कुणी कुणाची वाट बघायची गरज नाही. निर्णय काहीही होवो, त्या आत्ताच उरकून घ्या. तुमच्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, रक्तगट आणि रुबेलाची (जर्मन गोवर) आयजीजी, म्हणजे त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती आहे का ते सांगणारी रक्तचाचणी. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यावी लागते आणि त्यानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. ऐनवेळी कळलं की तो महिना वाया जातो. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी एचपीएलसी ही रक्तचाचणी आयुष्यात एकदाच लागते. दोघंही वाहक निघाले, तर दर गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते आणि मग गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यातच करावी लागते. विदर्भात किंवा नंदुरबारकडे मूळ असेल तर सिकल सेल या रक्तविकारासाठीही हीच चाचणी उपयोगी पडते. नवऱ्याची वीर्यतपासणी : दोन ते सात दिवस संबंध न ठेवता, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. एक अहवाल खराब आला म्हणून घाबरायचं नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मधे ताप येऊन गेला असला तरी आकडे पडतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

फॉलिक अॅसिड प्रयत्नांच्या किमान महिनाभर आधी सुरू करायचं, तीन महिने आधी केलं तर उत्तम. रोजची गरज 400 मायक्रोग्रॅमची. औषधाच्या दुकानात नुसतं नाव सांगितलंत तर बहुधा पाच मिलिग्रॅमची गोळी हातात पडेल. ती मधुमेह, फिट्सची काही औषधं किंवा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष अशा कारणांसाठी असते, म्हणून चिठ्ठीवर मात्रा लिहून घ्या.

राहता राहिलं बोलणं. कुणाच्या बारशाहून परतताना गाडीत, पाळी आली त्या दिवशी किंवा रात्री साडेअकराला हा विषय काढू नका. सुटीची सकाळ ठरवा. त्याआधी दोघांनी वेगवेगळं लिहून आणायचं : कुठला महिना, त्याआधी काय व्हायला हवं, आणि भीती कशाची आहे. अट अशी लिहा की ती पुरी झाली की नाही हे तिसऱ्या माणसालाही कळेल. 'सेटल झाल्यावर' ही अट नव्हे, 'सहा महिन्यांचा खर्च एफडीत' ही अट. कागद बदलून वाचा, चाळीस मिनिटांत थांबा, पुढची तारीख लावा. तिसऱ्या बैठकीतही त्याला महिना लिहिता येत नसेल, तर शांतपणे विचारा, "तुला मूल नकोच आहे का?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर ते 31व्या वर्षी कळणं 36व्या वर्षी कळण्यापेक्षा बरं. मग मात्र समुपदेशकाकडे दोघांनी जा. हा प्रश्न हप्त्यांच्या हिशेबाने सुटत नाही.

सासूबाईंशी नवऱ्यानेच बोलायचं : "आई, आमचं आम्ही ठरवतोय, ठरलं की पहिलं तुला सांगू." त्या कितीही मायेने तुमची बाजू घेवोत, त्यांच्यासमोर तो माघार घेणार नाही.

प्रश्न : मी 37, बायको 33. तिला आधी पीएच.डी. संपवायची आहे. मी म्हटलं, मग बीजांडं गोठवून ठेवू. त्यावरून ती चिडली. माझं काय चुकलं?

उत्तर : सुचवणं चुकीचं नाही, फक्त इंजेक्शनं तिला घ्यायची आहेत. साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मधे तीन-चार सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजांडं काढणं. एवढं करून मुलाची हमी कुणी देत नाही, कारण सगळी बीजांडं गोठवण्या-वितळवण्यातून आणि फलनातून पार पडत नाहीत. शिवाय तिने अजून 'नाही' म्हटलेलं नाही, वेळ मागितलाय. प्रबंध कुठल्या सत्रात सादर होणार ते विचारा. दीड वर्षाच्या आतली तारीख असेल, तर गोठवण्याच्या खटाटोपाचं कारण सहसा नसतं.

हल्ली अनेक जण परस्पर एएमएच ही रक्तचाचणी करून येतात आणि आकडा कमी दिसला की घाबरून निर्णय घेतात. बीजांडांचा साठा साधारण किती, एवढंच ती चाचणी सांगते. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यातून कळत नाही. 35च्या आत वर्षभर आणि 35नंतर सहा महिने नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी डॉक्टरकडे जायचं.

तुमच्या बाजूने करण्यासारखं एक आहे. खाजगी नोकरीत वडिलांना रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, तेव्हा तुमची कंपनी किती दिवस देते ते बघा आणि बाळाच्या पहिल्या वर्षात रात्री कोण उठणार, लसीकरणाला कोण नेणार, पाळणाघरातून कोण आणणार, हे लिहून तिच्यापुढे ठेवा. प्रबंध अर्धवट राहील ही तिची भीती बहुधा इथूनच येते.

प्रश्न : नवरा ऐकत नाही. माझी मावशी म्हणते, गोळ्या गुपचूप बंद कर, बाळ आलं की पाघळेल. करू का?

उत्तर : नाही. पाघळतातही कधी कधी, पण फसवणूक उघडी पडली की पुढच्या प्रत्येक भांडणात ती निघते आणि बाळ त्या घरात वाढतं. गोळ्या थांबवायच्या असतील तर त्याला सांगून थांबवा. "मी या महिन्यापासून गोळ्या घेणार नाही, तू निरोध वापर" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जबाबदारी त्याच्यावर आली की चर्चेला तो आपसूक बसतो. हेच पुरुषांनाही लागू : बायकोच्या नकळत निरोध काढणं किंवा तिच्या गोळ्या लपवणं ही जबरदस्ती आहे. कुणाच्या बाबतीत असं घडत असेल तर महिला हेल्पलाइन 181 आहे.

प्रश्न : आमचं पुढच्या वर्षी ठरलंय, तोवर सरकारी दवाखान्यातलं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेऊ का? आणि चुकून दिवस राहिले तर गर्भपाताला नवऱ्याची सही लागते का?

उत्तर : वर्षभरात मूल हवं असेल तर 'अंतरा' नको. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने जातात. कॉपर टी काढल्यावर पुढच्याच पाळीचक्रात दिवस राहू शकतात, गोळ्या थांबवल्यावर एक ते तीन महिन्यांत. एका वर्षासाठी गोळ्या किंवा निरोध सोयीचे.

सही लागत नाही. 18 वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, ती 'फॉर्म सी'वर घेतात. गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं आणि गर्भनिरोधक फसणं हे मान्य कारण आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली. दवाखान्याने नवऱ्याची सही मागितलीच, तर ती कुठल्या नियमाखाली ते लेखी द्या म्हणावं, नाहीतर सरळ दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जावं.