काटा, शहारा की रोमांच?

वेंगुर्ल्याकडच्या एका वाचकांचा प्रश्न आलाय. गणपतीतल्या डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, रात्रभर बसून आल्यावर त्यांनी मित्राला लिहिलं, ‘बुवांनी गजर वर नेला आणि अंगावर काटा आला.’ मित्र पेशाने शिक्षक. त्यांनी लगेच दुरुस्ती पाठवली: काटा येतो तो भीतीने नाहीतर किळस आली की, आनंदाने येतात ते रोमांच. तर चूक कोणाची? शिवाय एक जोडप्रश्न आहे. निव्वळ संगीताने होणाऱ्या या प्रकाराला इंग्रजीत फ्रेंचांकडून उचललेला ‘फ्रिसाँ’ असा वेगळा शब्द वापरतात, मग मराठीत तो का नसावा? ‘नादशहारा’ आणि ‘स्वररोमांच’ असे दोन शब्द त्यांनी स्वतःच घडवूनही पाठवलेत.

वाक्य बरोबर आहे. त्यातलं एक अक्षर बदलू नका. ‘नादशहारा’ वाचून मात्र माझ्या अंगावर काहीच उभं राहिलं नाही, त्यामुळे त्याचं नंतर बघू.

मास्तरांचं म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे, कारण छापील मराठीत ‘अंगावर काटा आणणारी घटना’ म्हटलं की पुढे अपघात नाहीतर खून असतो. पण ही सवय वर्तमानपत्राची. बोलण्यात काटा कशानेही येतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं लावून अंगणात उभं राहावं, आत पाणी अजून तापायचंच असावं, की येतो. देवचाराची गोष्ट ऐकली की येतो. पाटीवर खडू करकरला की येतो. आणि भजनात येतो. मालवणीत ‘बुवांनी गजर घेतल्यानी नि आंगार काटो इलो’ असं म्हणणाऱ्या माणसाला ‘बाबा रे, घाबरलास काय?’ असं कोणी विचारत नाही.

याचं कारण शब्दातच आहे. काटा म्हणजे कातडीवर जे दिसतं ते. ते कशामुळे दिसलं याबद्दल हा शब्द काही बोलतच नाही. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. तो आखडला की केस ताठ होतो आणि मुळाजवळची कातडी टोक काढून वर येते. हा स्नायू आपल्या हुकमातला नाही; हृदयाचे ठोके वाढवणारी, संकटात शरीराला सज्ज करणारी जी मज्जासंस्था आहे, ती त्याला चालवते. अंगभर केस असलेल्या प्राण्याला याचा दुहेरी फायदा होतो. थंडीत उभ्या केसांच्या मध्ये हवा अडकून ऊब राहते, आणि शत्रू समोर आला की अंग फुगून प्राणी आहे त्याहून मोठा दिसतो. कुत्र्यासमोर केस पिंजारून उभं राहिलेलं मांजर आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या रानातल्या साळिंदराचे काटेसुद्धा मुळात केसच, जाड आणि टणक झालेले, आणि डिवचल्यावर ते तसेच उभे राहतात. आपल्या अंगावरची लव झडत झडत नावापुरती उरली, स्नायू मात्र राहिले. ते आता थंडीलाही आखडतात, भीतीलाही आणि वरच्या षड्जालाही. कातडीला यातलं कुठलं काय ते कळत नाही, आणि ‘काटा’ हा शब्द तिच्याशी इमान राखून आहे.

मास्तर कदाचित म्हणतील की हा खेडवळ शब्द, साहित्यिक शब्द ‘रोमांच’च. तर काटा हा संस्कृत ‘कण्टक’चाच वंशज, आणि संस्कृत कवी अंगावरच्या काट्यासाठी तो शब्द खुशाल वापरतात, तेही आनंदाच्या जागी. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात शंकराला भेटलेल्या सप्तर्षींना कालिदासाने ‘प्रीतिकण्टकितत्वचः’ म्हटलंय. प्रीतीने ज्यांच्या कातडीवर काटा आलाय ते. सात ऋषी, समोर महादेव, आणि अंगावर काटा. कालिदासाला चालतो तर वेंगुर्ल्याला चालायला हरकत नसावी.

आता ‘रोमांच येतात ते आनंदानेच’ हा दुसरा भाग. तो तर अजिबात टिकत नाही. ‘रोमहर्ष’ हा रोमांचाचा सख्खा भाऊ घ्या. भगवद्गीतेत तो तीन ठिकाणी, तीन वेगळ्या अवस्थांत भेटतो. पहिल्या अध्यायात अर्जुनाचं अंग कापतं आणि ‘रोमहर्षश्च जायते’: समोर आप्त उभे आहेत, तोंडाला कोरड पडलीय, यात आनंद कुठला? अकराव्यात विश्वरूप पाहून तो ‘हृष्टरोमा’ होतो, विस्मयाने. आणि अठराव्याच्या शेवटी संजय म्हणतो, मी हा ‘अद्भुतं रोमहर्षणम्’ असा संवाद ऐकला. ऐकला, हे महत्त्वाचं. आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळची जागा हीच: रणांगणावर कृष्णार्जुन बोलतायत आणि काटा ऐकणाऱ्याला येतोय. तेव्हा ‘हर्ष’ हे अक्षर बघून फसू नये. हृष् या धातूला आनंदणे हा अर्थ आहे तसाच केस ताठ उभे राहणे हाही आहे.

याच संजयावर ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या शेवटी जो हात ठेवलाय तो पाहण्यासारखा आहे. चित्त चाकाटलं, वाचा जागच्या जागी पांगुळली, आणि ‘आपाद कंचुकित रोमांच आले’. कंचुक म्हणजे अंगरखा. डोक्यापासून पावलांपर्यंत रोमांचांचाच अंगरखा चढला. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांमध्ये रोमांच आहेच. स्तंभ, स्वेद, स्वरभेद, कंप, अश्रू वगैरे मंडळींच्या पंगतीत. तिथेही तो एका रसाचा मक्तेदार नाही.

पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावच मुळी रोमहर्षण. त्याच्या निरूपणाने ऐकणाऱ्यांचे रोम उभे राहत म्हणून हे नाव, अशी फोड पुराणांनीच दिली आहे. आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराला ‘काटेबुवा’ म्हणावं तसं झालं हे.

मग रोमांच वाईट शब्द आहे का? नाही, पण सध्या त्याचे दिवस बरे नाहीत. क्रिकेटचा शेवटच्या चेंडूवरचा सामना रोमहर्षक, तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग रोमांचक, झिपलाइन तर विचारूच नका. साहसाच्या जाहिरातींनी हा शब्द इतका वापरलाय की ‘भजन ऐकून रोमांचित झालो’ असं लिहिलं की बुवांनी दोरीवरून उडी मारल्यासारखं वाटतं. शिवाय पोरांच्या कानाला त्यात ‘रोमान्स’ ऐकू येतो, त्याला इलाज नाही. लिहिताना गंभीर, जरा उंच भाषा हवी असेल तिथे ‘रोमांच उभे राहिले’ अजूनही शोभतं. बोलण्यात ते शाल पांघरून आल्यासारखं वाटतं.

मला स्वतःला यापेक्षा ‘काटा’ आणि ‘शहारा’ यांच्यातला फरक जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे मराठी खरोखर बारीक विणते. शहारा धावतो. मानेपाशी सुरू होतो, पाठीत उतरतो, दंडापर्यंत जातो आणि विरतो. तो ज्याचा त्यालाच कळतो. शेजारी बसलेल्याला फार तर तुमचे खांदे किंचित हललेले दिसतील. काटा धावत नाही, तो उमटतो आणि थोडा वेळ राहतो. म्हणूनच बाही वर करून ‘हे बघ’ म्हणत हात पुढे करतात तो काटा दाखवायला. ‘हा बघ शहारा’ असं कोणी दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही. शहाऱ्याला स्वतःचं क्रियापद आहे, शहारणे. काट्याला नाही, त्याला येणे, उभा राहणे, फुलणे यांच्याकडून हातउसनं घ्यावं लागतं. शिरशिरी ही शहाऱ्याची धाकटी बहीण, जास्त करून थंडीची आणि तापाआधीची.

हा भेद काल्पनिक नाही. जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी संगीत ऐकणाऱ्यांच्या हातावर छोटा कॅमेरा लावून कातडीचं चित्रण केलं. माणूस ‘आत्ता आला’ म्हणून खूण करतो तेव्हा दर वेळी कातडीवर काही दिसतंच असं नाही. आतली लहर आणि बाहेरची उभी लव या दोन गोष्टी बऱ्याचदा बरोबर येतात, पण बरोबर यायलाच हव्यात असं नाही. मराठीने दोघींना आधीपासून वेगळी नावं देऊन ठेवलीत.

आता ती डबलबारी, कारण वाचकांनी काटा नेमका कुठे आला ते लिहिलंय: गजर वर नेला तिथे. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बुवा, दोघांची आपापली मंडळं, आळीपाळीने बारी. बुवांपुढे पेटी, बाजूला पखवाज, डाव्या पुडीला ओली कणीक थापलेली, मागे झांजा आणि कोरस. गजर संथ सुरू होतो. लय चढत जाते, बुवा तीच ओळ वेगवेगळ्या अंगांनी घोळवतात, पखवाजवाला जागा देतो. मग एका क्षणी पखवाजावरचा हात थांबतो. बुवांचा एकट्याचा आवाज वरच्या सुरावर उभा असतो, पेटीचा भाता चालू असतो, बाकी मंडप गप्प. आणि समेवर पखवाजाची थाप पडते, झांजा आणि मागचे सगळे गळे एकदम कोसळतात. काटा येतो तो इथे.

संगीताचे अभ्यासक जी कारणं सांगतात ती याहून फार वेगळी नाहीत. जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली श्रोत्यांना विचारून अशा जागा गोळा केल्या, तेव्हा शहारे येण्याच्या जागी अनपेक्षित स्वरमेळ (हार्मनी) सापडला. आवाज एकाएकी चढणं, नवा गळा मिसळणं याही अशाच जागा असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण ‘अनपेक्षित’ म्हटलं की आपल्याकडे पंचाईत होते. गजर शंभरदा ऐकलेला असतो, कोरस कुठे येणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी काटा येतोच. याचं उत्तर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११ सालच्या कामात मिळतं. तिथे लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामीन हे आनंदाशी निगडित रसायन तपासलं. कळसाच्या क्षणी ते मेंदूच्या एका भागात स्रवलं. पण त्याआधी, कळसाची वाट बघतानाच, दुसऱ्या एका भागातही स्रवलं होतं. म्हणजे माहीत असणं आड येत नाही, उलट माहीत असतं म्हणूनच वाट बघता येते. समेची वाट बघत मान डोलावणाऱ्या मंडपाला हे प्रयोगाशिवायही कळलेलं असतं, तो भाग निराळा.

काहींना कधीच येत नाही. त्यांना दगड म्हणू नये. ज्यांना येतो त्यांच्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि भावनांचे भाग यांना जोडणारे तंतू जास्त दाट असल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलंय. बाकी रसिकतेचा यात हिशेब नाही.

इथे कोकणातल्या दोन गोष्टींची काट्याशी गल्लत होऊ देऊ नका. शिमग्यात पालखी नाचवताना ढोल अगदी जवळून वाजतो तेव्हा जे होतं ते बहुतेक वेळा काटा नसतो. ढोल पोटात वाजतो, छातीत घुमतो. ‘काळजात धडधडलं’ म्हणावं. आणि देवळात वाजप (वाद्यं) सुरू झाल्यावर तरंगांना, म्हणजे देवाच्या खांबांना, अवसार, म्हणजे देवाचा संचार, येतो ती गोष्टच वेगळी. काटा अंगावर येतो, अवसार अंगात येतो. ‘वर’ आणि ‘त’ एवढ्याच फरकाने सगळा मामला बदलतो, आणि दुसऱ्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागतं.

राहिला नवा शब्द. ‘स्वररोमांच’ शास्त्रीय लेखात परिभाषा म्हणून चालेल, शंका नको. पण रोजच्या वापरासाठी घडवायची गरज मला दिसत नाही, कारण कशाने आला ते सांगायला वाक्य मोकळं असतं. ‘गजराने काटा आला’, ‘त्या तानेला शहारून गेलो’ म्हटलं की काय उरतं? आणि केवळ सुखाचीच छटा हवी असेल तर आपल्याकडे ‘अंग मोहरणे’ आहे. माघात आंब्याखालून गेलेल्या कोणालाही तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘पुलकित’ही आहे, पण तो आता निमंत्रणपत्रिकेत राहायला गेलाय. ‘गूजबंप्स आले’ म्हणणाऱ्या मुलांवर रागावू नका; शब्द बाहेरचा असला तरी ‘येणे’ त्यांनी घरचंच ठेवलंय.

एक जाता जाता. हल्ली ‘अंगावर काटे आले’ असं बरंच लिहिलेलं दिसतं, बहुधा त्या ‘बंप्स’च्या अनेकवचनामुळे. प्रमाण मराठीत हा काटा एकवचनीच. मोहर येतो, घाम येतो, तसा सगळ्या अंगाला मिळून एकच काटा येतो. अनेकवचनी काटे बांगड्यात असतात. शहाऱ्याला दोन्ही चालतं, शहारा आला आणि शहारे आले. रोमांच मात्र बहुतेक वेळा अनेकवचनातच उभे राहतात. मास्तरांना दुरुस्ती करायचीच असेल तर इथे भरपूर वाव आहे.