पूल दिसतोय, पण फाइली अर्ध्याच

(घरचा सर्व्हर : वाचकांचे प्रश्न)

ताई, नमस्कार. माझे वडील कीर्तनकार होते. त्यांच्या कॅसेट मी सवडीने संगणकावर उतरवल्या. जुन्या पीसीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (पीसीचा घरचा सर्व्हर करणारी प्रणाली) टाकून पाच हार्ड डिस्क मर्जरएफएसने एकत्र करून एकच मोठा साठा, म्हणजे पूल, केला आहे, शिवाय एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत मिळावं म्हणून स्नॅपरेडची एक पॅरिटी डिस्क आहे. रोज रात्री आरसिंकने भावाच्या घरच्या मशीनवर कॉपी जाते. काल पाहिलं तर चातुर्मासाच्या फोल्डरमधली निम्मी कीर्तनं नाहीत. कुठे एरर नाही. पूल चालू आहे, नवीन फाइल टाकली तर बसते. मी काहीही पुसलेलं नाही. मुलगा म्हणतो सिंक मारा, परत येतील. मारू का?
– एक वाचक, अकोला

नका मारू. आणि हे उत्तर पुढे वाचण्याआधी आज रात्रीचा आरसिंक बंद करा. भावालाही फोन करून सांगा की त्याच्याकडचं मशीन आज नेटवरून काढून ठेव. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच ओळीची. आरसिंक ‘डिलीट’ पर्यायासह लावला असेल, आणि बहुतेक जण तसाच लावतात, तर त्याच्या दृष्टीने ती निम्मी कीर्तनं तुम्ही मुद्दाम पुसलीत. मग तो भावाकडचीही पुसतो. चांगली कॉपी अशी नष्ट झालेली मी लोकांच्या घरी पाहिली आहे, आणि ते दुःख डिस्क जाण्यापेक्षा मोठं असतं. पुढे आरसिंक पुन्हा सुरू कराल तेव्हा त्याला ‘मॅक्स-डिलीट’ची मर्यादा घाला. एका रात्रीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त फाइली तो पुसणार नाही.

आता सिंकचं. स्नॅपरेडचं सिंक पॅरिटीला आजची स्थिती शिकवतं. गेलेलं परत आणतं ते ‘फिक्स’. एखाद्या डिस्कवरच्या सगळ्याच जुन्या फाइली दिसेनाशा झाल्या तर स्नॅपरेड स्वतःच अडतं आणि पुढे जायला ‘फोर्स-एम्प्टी’ मागतं. ते कुणी कितीही सांगितलं तरी द्यायचं नाही. सिंकचं वेळापत्रक लावलेलं असेल तर तेही थांबवा.

एरर का आला नाही? मर्जरएफएस फाइलींचे तुकडे करत नाही. एक कीर्तन म्हणजे एक अख्खी फाइल, कुठल्यातरी एकाच डिस्कवर. पाच डिस्कवरची ‘चातुर्मास’ नावाची फोल्डरं एकत्र करून तो तुम्हाला एकच यादी दाखवतो. यातली एक डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही, तर तिच्यावरच्या फाइली यादीतून नुसत्या कमी होतात. उरलेल्या चार डिस्क नीट आहेत, त्यामुळे तक्रार करण्यासारखं त्याला काही दिसतच नाही. पूलची एकूण क्षमता पाहा. एका डिस्कएवढी कमी दिसत असेल तर तुमचं उत्तर मिळालं. आणि यातच दिलासाही आहे. अशा पूलमध्ये एक डिस्क गेली तरी बाकीच्या चारांवरचं सगळं शाबूत राहतं, आणि प्रत्येक डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनवर एकटी वाचता येते.

गळालेली डिस्क कोणती, हे एसडीए, एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावांवरून ठरवू नका. ही नावं मशीन सुरू करताना बदलू शकतात. सिरियल नंबर बघा. ओपनमीडियाव्हॉल्टच्या डिस्कच्या पानावर तो दिसतो. जो नंबर तिथे नाही ती तुमची डिस्क. मग मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि त्या डिस्कची डेटा केबल दोन्ही बाजूंनी काढून नवी लावा. जुनीच केबल दाबून बसवू नका, केबल स्वस्त असते. पॉवरचं कनेक्शनही बघा. प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर ते कनेक्टर पुन्हा वापरायचं नाही.

डिस्क परत दिसली तर लगेच माउंट करू नका. आधी तिच्या माउंटच्या फोल्डरमध्ये डोकावा. डिस्क नसताना ते फोल्डर सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवरचं साधं फोल्डर असतं, आणि या काळात टाकलेल्या काही नव्या फाइली तिथे गेलेल्या असू शकतात. डिस्क माउंट झाली की त्या तिच्याखाली झाकल्या जातात आणि कुणाला दिसत नाहीत. मग काही दिवसांनी ‘सिस्टिम डिस्क भरली’ म्हणून मशीन रुसतं आणि जागा कुणी खाल्ली ते सापडत नाही. त्या फाइली बाहेर काढून घ्या. फोल्डर रिकामं झालं की, डिस्क माउंट नसतानाच, त्याला ‘सीएचएटीटीआर प्लस आय’ (chattr +i) ही फोल्डरला कुलूप घालणारी लिनक्सची आज्ञा लावा. मग डिस्क नसताना तिथे काही लिहिलंच जाणार नाही. पाचही माउंट फोल्डरांना हे करा.

यानंतर स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचा, तक्ता उघडा. त्यात आकड्यांची गर्दी असते, तुम्ही चारच ओळी बघा. 199 नंबरची ओळ म्हणजे सीआरसी एरर, डेटा ये-जा करताना झालेल्या चुका. ती वाढली असेल तर संशय केबलवर किंवा कनेक्टरवर. हा आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही, तेव्हा आजचा लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का ते पाहा. 5, 197 आणि 198 या ओळी मात्र डिस्कच्या तबकडीबद्दल बोलतात. 5 म्हणजे खराब सेक्टरऐवजी (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) राखीव जागेतले सेक्टर वापरात आले. 197 म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. 198 म्हणजे तपासणीतही न वाचलेले. या तिन्हींपैकी काही वाढत असेल तर डिस्क बदला. ‘स्मार्ट पास’ असं हिरव्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी बदला. त्या हिरव्या अक्षरांवर माझा विश्वास नाही.

बदलायची झाली तर रीत अशी. जुनी डिस्क वाचता येत असेल तर तिच्यावरून जमेल तेवढं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. नवी डिस्क फॉरमॅट करून माउंट करा, स्नॅपरेडच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्याच नावाला, समजा डी3 ला, नवी जागा द्या. मग फक्त डी3 साठी ‘फिक्स’ चालवा आणि लॉग फाइल ठेवा. झाल्यावर डी3 वरच ‘चेक’ चालवा. कीर्तनं उघडून ऐका, नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानू नका. त्यानंतरच सिंक. फिक्स पूर्ण होईपर्यंत उरलेल्या चार डिस्कवरचं काही पुसू नका, बदलू नका. पॅरिटीचं गणित त्या फाइली शेवटच्या सिंकला होत्या तशाच असतील तरच जुळतं.

आणि कॅबिनेट उघडंच आहे तर एक काम करून घ्या. प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे-अक्षरं पांढऱ्या पट्टीवर लिहून ती डिस्कच्या तुमच्याकडे तोंड असलेल्या अरुंद बाजूला चिकटवा. वरच्या बाजूचं लेबल डिस्क खाचेत असताना दिसत नाही. घाईत चुकीची डिस्क ओढली जाते ती यामुळेच.

4 टीबीची डिस्क घेतली, विंडोज 3.63 टीबी दाखवतं. दुकानदाराने फसवलं का?
– एक वाचक, सांगली

नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजून तेच ‘टीबी’ हे नाव लावतं. बाइट तेवढेच आहेत. 8 टीबीची घ्याल तेव्हा 7.27 दिसेल.

तीन 4 टीबीच्या डिस्कचा झेडएफएस या फाइल-सिस्टिमचा रेडझेड1 पूल (एक डिस्क गेली तरी तगणारा) आहे. एक गेली म्हणून 8 टीबीची लावली. रीसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, रेंगाळतंय, मध्येच नवी डिस्कच ‘फॉल्टेड’ होते. पुन्हा पुन्हा करून पाहतोय. आणि जागा वाढेल ना?
– एक वाचक, डोंबिवली

पुन्हा पुन्हा करणं थांबवा. रेडझेड1 मधली एक डिस्क गेलेली असताना पूलला आणखी एकही डिस्क गमावण्याची मुभा नसते, आणि प्रत्येक रीसिल्व्हर उरलेल्या दोन जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा वाचायला लावतो. आज पहिलं काम म्हणजे जे परत मिळणार नाही ते, फोटो आणि कागदपत्रं, बाहेरच्या डिस्कवर उतरवणं. ‘झेडपूल स्टेटस’ व्ही पर्यायासह चालवा. काही फाइली खराब झाल्या असतील तर झेडएफएस त्यांची नावं देतं. त्याचा हा गुण मला फार आवडतो.

नव्या डिस्कचा मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. ती एसएमआर असण्याची दाट शक्यता आहे. एसएमआर डिस्कवर डेटाच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. मधली एक बदलायची तर पुढच्या अनेक पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या थोड्याथोडक्या लिखाणाला डिस्क आधी वेगळ्या राखीव भागात लिहून वेळ मारून नेते. रीसिल्व्हरचं लिखाण तासन् तास थांबत नाही. राखीव भाग भरतो, डिस्क उत्तर द्यायला फार उशीर करते आणि पूल तिला बाहेर काढतो. म्हणजे डिस्क बिघडलेली नसेलही, पण या कामाची नाही. हे माहितीपत्रकात शोधायला सांगते त्याला कारण आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने कबूल केलं होतं की खास नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या मशीनसाठी, विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर सीएमआर, म्हणजे रेषा एकमेकींवर न चढवलेल्या, डिस्क रेड प्लस या नावाने आल्या. तेव्हा डब्यावरच्या ‘नॅस’ या शब्दावर जाऊ नका. परत करता येत असेल तर करा आणि सीएमआर घ्या.

जागा लगेच वाढणार नाही. तिन्ही डिस्क 8 टीबीच्या होतील आणि ‘ऑटोएक्स्पांड’ हा जागा आपोआप वाढवणारा पर्याय चालू असेल तेव्हा वाढेल. तोवर त्या डिस्कचा निम्मा भाग पडून राहील.

आमच्याकडे पावसात लाइट सारखी जाते. घरी इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की सर्व्हर रीस्टार्ट होतो. परत चालू होताना कधी कधी सहापैकी एकदोन डिस्क दिसत नाहीत. दुसऱ्यांदा चालू केला की दिसतात.
– एक वाचक, चिपळूण

हे दोन वेगळे बिघाड आहेत. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते आधी बघा. साध्या मोडमध्ये बदलायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, पीसीला नाही. पण मोड बदलला तरी इन्व्हर्टर सर्व्हरला हे सांगू शकत नाही की बॅटरी संपत आलीय. म्हणून यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस मध्ये घाला आणि सर्व्हरवर ‘नट’ म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. यूपीएसची बॅटरी उतरली की मशीन स्वतःहून शिस्तीत बंद होईल.

डिस्क न दिसण्याचं कारण एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या आत वीज पुरवणारा डबा, असावा. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते, फिरत राहायला त्यापेक्षा बरंच कमी. सहा डिस्क एकदम उठल्या की 12 अँपिअर, आणि त्यात प्रोसेसर. जुना, हलका एसएमपीएस तिथे वाकतो. एका वायरीवर स्प्लिटर लावून चार डिस्क जोडल्या असतील तर त्या आधी वेगवेगळ्या वायरींवर वाटा. एवढ्याने भागलं नाही तर एसएमपीएस बदला. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

वडिलांनी 2009 च्या सुमारास इथे अमेरिकेत विंडोज होम सर्व्हर लावला होता. मशीन आता चालू होत नाही. आतल्या चार डिस्क काढल्या. घरातले सगळे फोटो त्यावर आहेत. पूल होता म्हणतात, मग मशीनशिवाय काही वाचता येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

येईल, आणि मला हे सांगताना खूप आनंद होतोय. 2007 च्या त्या पहिल्या आवृत्तीतलं ड्राइव्ह एक्स्टेंडर, म्हणजे डिस्कचा पूल करणारा भाग, अख्ख्या फाइली साध्या एनटीएफएस डिस्कवर ठेवत असे. मायक्रोसॉफ्टने 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ते काढून टाकायचं जाहीर केलं, 2011 च्या आवृत्तीत ते नव्हतंच. पण वडिलांच्या डिस्क त्याआधीच्या. यूएसबी डॉकमध्ये एकेक डिस्क लावा, विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करा आणि ‘डीई’ (DE) नावाचं फोल्डर शोधा. त्यात ‘शेअर्स’, आणि त्यात तुमचे फोटो. मुख्य डिस्कवर डीईच्या बाहेरही एक ‘शेअर्स’ फोल्डर दिसेल. त्यातल्या नावांमागे खऱ्या फाइली नाहीत, नुसत्या खुणा आहेत. त्या उघडल्या नाहीत म्हणून घाबरू नका.

याच कंपनीच्या नंतरच्या स्टोरेज स्पेसेसमध्ये डेटा 256 एमबीच्या तुकड्यांनी डिस्कांवर वाटला जातो, तिथे एकटी डिस्क वाचता आली नसती. घरचा पूल निवडताना मी एकटी डिस्क वाचता येणाऱ्या पद्धतींना झुकतं माप देते ते याचसाठी.

विंडोजने डिस्क ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असं विचारलं तर नाही म्हणा. एखादी डिस्क टकटक आवाज करू लागली तर लगेच काढा आणि ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. बाकीच्यांवरून आधी फोटो घ्या, गाणी-सिनेमे नंतर. डुप्लिकेशन चालू असेल तर एकच फोटो दोन डिस्कवर सापडेल. दोन्ही कॉप्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. एक खराब निघाली तर दुसरी उपयोगी पडेल. सगळं नव्या दोन डिस्कवर उतरून उघडून पाहिल्याशिवाय जुन्या चार डिस्क कुणाला देऊ नका.