हॅमॉक आणि आईच्या आठवणीतील झोळी

प्रिय वाचक भगिनी,

साताऱ्याहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही 32 वर्षांच्या आहात, बँकेत नोकरी करता, दहा वर्षांपासून सह्याद्रीत भटकता आणि गेली दोन वर्षे मुक्कामाच्या ट्रेकवर तंबूऐवजी दोन झाडांना बांधलेल्या हॅमॉकमध्ये झोपता. तेव्हापासून गटातील मित्रमैत्रिणी तुम्हाला ‘वेताळ’ म्हणतात आणि रात्री ‘राजा विक्रम आला’ असे ओरडून तुमचे दोर हलवतात. मामांना काळजी आहे ती स्थळाकडच्यांनी तुमची छायाचित्रे पाहिली तर काय, याची. आई म्हणते, “घरात पलंग असताना झाडाला कसली लोंबकळतेस? बाळ आहेस का झोळीत घालायला?” या सर्वांना कसे पटवून द्यावे, असा तुमचा प्रश्न आहे.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत आणि मला त्या प्रश्नापेक्षा महत्त्वाच्या वाटतात. चेष्टा नको म्हणून तुम्ही आता हॅमॉक गटापासून दूर, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी बांधता. आणि आईला ‘मुलींबरोबर तंबूत झोपते’ असे खोटेच सांगता. म्हणजे रात्री तुम्हाला काही झाले, तर तुम्ही नेमक्या कुठे आहात हे ना गटाला ठाऊक असेल, ना घराला. हे मला मुळीच मान्य नाही, आणि पुढच्या मुक्कामापासून तुम्ही ते थांबवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हॅमॉक तंबूंपासून हाकेच्या अंतरावरच बांधा.

मित्रांनी ‘वेताळ’ म्हणणे सोसता येईल. दोर हलवणे मात्र सोसू नये. झोपलेल्या माणसाचा सगळा भार त्या दोन दोरांवर असतो. दोर आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असतील, तर 60 किलो वजनाच्या व्यक्तीमुळे प्रत्येक दोरावर साधारण 60 किलोंचाच ताण येतो. तेच दोर 10 अंशांपर्यंत ताणून बांधले, तर ताण 170 किलोंच्या पुढे जातो, आणि वरून कोणी हिसके दिले की तो आणखी वाढतो. गटप्रमुखाला हे शांतपणे, दिवसाउजेडी आणि सर्वांसमोर सांगा. दोराला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मागा. जो मित्र एवढेही ऐकणार नाही, त्याच्याबरोबर डोंगरात मुक्काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मामांबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या झोपण्याच्या पद्धतीवरून जे स्थळ नकार देईल, त्याच्या नकाराचे दुःख मानण्याचे कारण मला दिसत नाही.

आता आईविषयी. तिने सांगितलेली कारणे तुम्ही मोजून दिली आहेत: थंडी, वाकडी होणारी पाठ, साप आणि पिंपळावरचा मुंजा. त्यांतील बहुतेकांना उत्तरे आहेत. हॅमॉकमध्ये थोडे तिरके निजले की पाठ बरीच सरळ राहते. थंडी खरोखरच खालून लागते, कारण अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही. तिथे मॅट किंवा खालून बांधायची रजई लागते. सापांचे म्हणाल, तर मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते आणि तो दंश पुष्कळदा झोपेत जाणवतही नाही, त्यामुळे उघड्या जमिनीवर निजण्यापेक्षा जमिनीपासून उंच निजणे बरे. मात्र उतरताना टॉर्च हवी आणि बूट झटकूनच घालायला हवेत. झाड जिवंत व जाड असावे, वर वाळकी फांदी किंवा आग्या मोहोळ नसावे आणि सालीला इजा होऊ नये म्हणून दोराऐवजी रुंद पट्टे वापरावेत, हे तुम्हाला माझ्याहून चांगले माहीत असेल. वासोट्यासारख्या अभयारण्यातील ठिकाणी रात्रीच्या मुक्कामास परवानगी नाही, तिथे हॅमॉक बांधूच नये.

हे सारे खरे असले तरी आईपुढे त्याची यादी वाचू नका. तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आले आहे. आईचे माहेर कोयनेच्या पाण्यापलीकडचे, कांदाटी खोऱ्यातले. तिच्या लहानपणी तिच्या काकूला बाळंतपणात झोळी करून डोंगरातून खाली नेत होते आणि ती वाटेतच गेली. तुम्ही हे आईच्या जुन्या भागाची ओळख करून देण्यासाठी लिहिले असावे. मला मात्र वाटते, की आईच्या प्रत्येक आक्षेपामागे हीच झोळी आहे. डोंगरातल्या वाड्यांवर झोळी दोनच वेळा बांधली जात असे, एकदा बाळासाठी आणि एकदा ज्याला चालवत नाही अशा माणसासाठी. तिच्या डोळ्यांसमोर तुमचे रंगीत नायलॉनचे कापड येतच नाही. आडव्या बांबूला बांधलेले लुगडे येते आणि त्याच्या तळाशी वाकलेले एक शरीर येते. ती ‘बाळ आहेस का’ एवढेच विचारते, कारण दुसरी झोळी तोंडाने उच्चारणे तिला जमत नसेल. मेक्सिकोच्या युकातान भागात भिंतींना हॅमॉकच्या कड्या असतात आणि कुटुंबे रोज त्यांतच झोपतात, हे तुम्ही तिला आधीच सांगून पाहिले आहे आणि तिने ऐकून घेतले नाही, असे तुम्ही लिहिता. ती ऐकणार तरी कशी? तिचा प्रश्न युकातानचा नव्हताच.

म्हणून आधी खोटे मागे घ्या. रविवारी दुपारी, घरात दोघीच असताना, दोन वर्षे तंबूचे खोटे सांगितल्याबद्दल तिची क्षमा मागा. ती रागावेल, रागावू द्या, मधे बोलू नका. मग पुढच्या मुक्कामाचे ठिकाण, बरोबरच्या दोन व्यक्तींचे फोन क्रमांक आणि किती वाजता रेंजमध्ये येऊन फोन कराल ती वेळ, हे कागदावर लिहून तिच्याजवळ द्या. हॅमॉक तिला दाखवायचा असेल, तर गावाकडे दोन फणसांच्या किंवा आंब्यांच्या मध्ये, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील इतक्या खाली बांधा. गॅलरीच्या विटांच्या खांबाला कधीही बांधू नका, तसा खांब अंगावर पडून माणसे दगावली आहेत. ती बसली नाही, तर आग्रह करू नका.

पण ते सगळे नंतर. त्या रविवारी, तिचा राग ओसरल्यावर, हॅमॉकचा विषयही न काढता तिच्याजवळ बसा आणि त्या काकूचे नाव काय होते, ते तिला विचारा.

तुमची,
ताई