ब्रिटनमध्ये पुढच्या निवडणुकीत कोण येणार? हॅरोमधून एका मतदाराचं उत्तर

तुमचा प्रश्न आहे की ब्रिटनच्या पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत कोणता पक्ष येईल असं तिथल्या साध्या मतदारांना वाटतं, आणि तिथली मराठी माणसं काय म्हणतात. मी लंडनच्या वायव्येला हॅरो ईस्ट मतदारसंघात राहते, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि इथे मतदानही करते, तेही भारतीय पासपोर्टवर. आत्ता डिसेंबर 2025 चालू आहे. निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट 2029 पर्यंत घ्यावी लागेल, म्हणजे अजून खूप वेळ आहे. पण विषय रोज निघतो. कामावर, बसस्टॉपवर, डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना, सगळीकडे.

"कोण येईल?" असं विचारलं तर बहुतेक जण नायजेल फराज यांच्या रिफॉर्म या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाचं नाव घेतात. ज्यांना तो पक्ष अजिबात नको आहे, तेसुद्धा. "कोण यावं?" असं विचारलं की माणसं घुटमळतात. आणि "कोण येऊ नये?" म्हटलं की उत्तर तयार असतं. पुढची निवडणूक या तिसऱ्या उत्तरावर ठरणार असं मला मनापासून वाटतं, आणि गेल्या दीड वर्षात इथे जे घडलं त्यावरूनच हे म्हणते आहे.

जुलै 2024 च्या निकालापासून सुरुवात करू. मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मतं मिळाली आणि 650 पैकी 411 जागा. रिफॉर्मला 14 टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि जागा फक्त 5. लिबरल डेमोक्रॅट्सना मतं त्याहून कमी, 12 टक्के, पण जागा 72, कारण त्यांची मतं दक्षिण इंग्लंडमधल्या नेमक्या मतदारसंघांत एकवटलेली होती. हुजूर पक्ष 121 जागांवर आला, इतका खाली तो कधीच गेला नव्हता. मतदान जेमतेम 60 टक्के झालं. आपल्याकडच्यासारखीच पद्धत आहे, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, त्यामुळे हा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सांगायचं ते एवढंच की तेव्हा पंतप्रधान झालेल्या मजूर पक्षाच्या स्टार्मर यांचं बहुमत दिसायला प्रचंड होतं, पण त्याचा पाया पातळ होता. चौदा वर्षं सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाला घालवायचं म्हणून लोकांनी मतं दिली होती. मजूर पक्षावर जीव होता म्हणून दिलेली मतं त्यात फार थोडी होती.

ती नाराजी परत यायला वेळ लागला नाही. सत्तेवर येताच सरकारने पेन्शनरांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी मिळणारी 200 ते 300 पौंडांची मदत बहुतेकांची बंद केली. वर्षभराने, जून 2025 मध्ये, वर्षाला 35 हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती परत दिली, पण तोवर मनं दुखावली होती. माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात. जन्मभर मजूर पक्षाला मत दिलेला माणूस. त्यांना मदत परत मिळाली. तरी ते म्हणाले, "त्यांनी आधी कुणाच्या खिशात हात घातला ते मी विसरणार नाही." फार्मसीच्या खिडकीवर हेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने कानावर येतं. त्यात ऑपरेशनसाठी लांबलेल्या तारखा, वाढलेली घरभाडी, आणि छोट्या बोटींतून फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या आश्रितांना हॉटेलांत ठेवण्यावरून पेटलेला वाद. उन्हाळ्यात लंडनजवळच्या एपिंगमध्ये अशा एका हॉटेलासमोर निदर्शनं झाली आणि मग देशभर त्याचं लोण पसरलं.

मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत हे सगळं मतपेटीत उतरलं. रिफॉर्मने केंट, डरहॅम, लँकेशायर अशा दहा कौन्सिलांवर बहुमत मिळवलं. त्याच दिवशी रनकॉर्न अँड हेल्सबीची पोटनिवडणूक होती. मजूर पक्षाने ही जागा वर्षभरापूर्वी जवळजवळ पंधरा हजारांच्या फरकाने जिंकली होती, ती रिफॉर्मने सहा मतांनी घेतली. फक्त सहा! तेव्हापासून जवळपास प्रत्येक जनमत चाचणीत रिफॉर्म पहिला आहे, पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून लोक "कोण येईल" म्हटलं की त्यांचं नाव घेतात.

पण ऑक्टोबरमध्ये वेल्समध्ये केअरफिलीला जे झालं, त्याची चर्चा भारतात पुरेशी झालीच नाही. ही वेल्सच्या विधानसभेची, म्हणजे सेनेडची, पोटनिवडणूक होती. शंभर वर्षांहून जास्त काळ हा मजूर पक्षाचा बालेकिल्ला. रिफॉर्मने सगळी ताकद लावली, आपणच येणार अशी हवाही तयार केली. निकाल लागला तेव्हा वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कम्री 47 टक्के मतं घेऊन जिंकला होता, रिफॉर्म 36 टक्क्यांवर थांबला आणि मजूर पक्षाची अवस्था 11 टक्के. रिफॉर्म नको म्हणणाऱ्यांनी आपापला पक्ष बाजूला ठेवला आणि जो जिंकू शकतो त्याच्यामागे एकगठ्ठा उभे राहिले. वरून कुणी युती केलेली नव्हती, जागावाटप नव्हतं. मतदारांनी आपणहून केलं.

हे असं मतदान इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. दाराच्या फटीतून जी पत्रकं आत पडतात त्यांच्यावर बहुतेक वेळा एक स्तंभालेख असतो: दोन उंच खांब, तिसरा बुटका, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं की इथे अमुक पक्ष जिंकूच शकत नाही, लढत आमच्यात आणि त्यांच्यात. शनिवारी सकाळी कार्यकर्ते दार वाजवतात. छातीवर पक्षाच्या रंगाची फीत, हातात मोबाइल, त्यात रस्त्यावरच्या प्रत्येक घरातल्या मतदारांची नावं. मागच्या वेळी कुणाला मत दिलं, या वेळी कुणाला देणार, हे विचारतात. तुम्ही त्यांच्या पक्षाचं नाव घेतलं नाही की पुढचा प्रश्न ठरलेला: "समजा लढत फक्त या दोघांत असेल, तर तुम्हाला कोण नको?" उत्तर काहीही असो, ते तिथल्या तिथे नोंदवलं जातं. सगळ्याच पक्षांना माहीत आहे की खरी माहिती या प्रश्नात आहे.

इथे एक अडचण आहे. एका ठिकाणी जे जमतं ते सगळीकडे जमेलच असं नाही. डाव्या बाजूची मतं आता मजूर, लिबरल डेमोक्रॅट्स, ग्रीन, स्कॉटलंडमध्ये तिथला राष्ट्रवादी पक्ष एसएनपी अशी विखुरली आहेत. सप्टेंबरमध्ये झॅक पोलान्स्की नेते झाल्यापासून ग्रीन पक्षाचा जोर वाढलाय. माझ्याबरोबर काम करणारी पंचविशीतली मुलं त्याच पक्षाचं नाव घेतात, मजूर पक्षाचं तर नावसुद्धा काढत नाहीत. उजवीकडे हुजूर आणि रिफॉर्म एकमेकांची मतं खातात. आमच्या शेजारच्या हेंडन मतदारसंघात 2024 मध्ये मजूर पक्षाचा उमेदवार 15 मतांनी आला. पाच पक्षांची ओढाताण असली की तीस टक्क्यांतही खासदार होता येतं, आणि मग कोणत्या मतदारसंघात कुणाला रोखायला कुणामागे जायचं हे मतदाराला कळलं तरच केअरफिली पुन्हा घडेल.

हॅरो ईस्टचं चित्र देशापेक्षा निराळं आहे. 2024 मध्ये हुजूर पक्षाची सगळीकडे पडझड झाली तेव्हा आमचे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून जास्त मतं घेऊन आले, आणि तसे निवडून आलेले ते त्या पक्षाचे देशातले एकमेव खासदार. लेस्टर ईस्टमध्ये शिवानी राजा यांनी मजूर पक्षाची जुनी जागा घेतली. दोन्हीकडे गुजराती हिंदू मतदार मोठ्या संख्येने आहेत. भारतीय म्हणजे मजूर पक्षाचे मतदार, हे समीकरण आता जुनं झालं.

आता आपली मराठी माणसं. जे तीस-चाळीस वर्षांपूर्वी आले, ज्यांची घरं फिटली आहेत, त्यांच्यातले बरेच हुजूर पक्षाचे आहेत आणि काही जण रिफॉर्मकडेही बघू लागले आहेत. "आम्ही रीतसर आलो, हे बोटीतून येतात," हे वाक्य मी मंडळात ऐकलं आहे, आणि मला त्याचा त्रास होतो. कारण त्याच हॉलमध्ये गेल्या चार-पाच वर्षांत व्हिसावर आलेली तरुण जोडपी बसलेली असतात आणि त्यांची झोप उडाली आहे. सप्टेंबरमध्ये फराज यांनी जाहीर केलं की आमचं सरकार आलं तर आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, रद्दच करू. ज्यांना तो आधीच मिळालाय त्यांनासुद्धा दर पाच वर्षांनी नव्या व्हिसासाठी अर्ज करावा लागेल. हे लोक बोटीतून आलेले नाहीत. आपल्यासारखेच रीतसर आलेले, कर भरणारे आहेत.

मजूर पक्षही मागे नाही. हा परवाना मिळण्याआधी इथे राहावा लागणारा पाच वर्षांचा काळ साधारणपणे दहा वर्षांवर न्यायचा त्यांचा प्रस्ताव आहे. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी तपशील मांडला, त्यात आधीच इथे आलेल्यांनाही तो लावण्याचा विचार आहे. जास्त पगारवाल्यांना सूट, केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांना मात्र पंधरा वर्षं. म्हणून ही तरुण मंडळी वैतागून म्हणतात, "कुणालाही मत द्या, आपल्याला काय फरक पडतो?" मी त्यांच्याशी यावर वाद घालते. दहा वर्षं थांबायला लागणं आणि मिळालेला हक्क काढून घेतला जाणं यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे.

शिवाय मत आपल्याला आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करता येतं, नागरिकत्व घ्यावं लागत नाही. व्हिसावर शिकायला आलेल्या विद्यार्थ्यालाही करता येतं. कित्येक मराठी मुलांना हे ठाऊकच नसतं. मतदार यादीत नाव ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत नोंदवता येतं. मतदानाला ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. केंद्रावरच्या बाईंनी पट्टी ठेवून यादीत माझं लांबलचक आडनाव शोधलं, त्यावर रेघ मारली, आणि मी दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली केली. एवढं सोपं आहे.

शेवटी माझा अंदाज विचाराल, तर आज निवडणूक झाली तर रिफॉर्म सर्वांत मोठा पक्ष ठरेल. 2029 ला मात्र त्रिशंकू संसद येईल असं मला वाटतं. एप्रिल 2017 मध्ये तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे चाचण्यांत वीस टक्क्यांनी पुढे होत्या आणि जूनमध्ये बहुमत घालवून बसल्या. तेव्हा दोन महिन्यांत एवढं बदललं, आणि इथे तर तीन वर्षांहून जास्त काळ हाताशी आहे. तुम्हाला खरंच लक्ष ठेवायचं असेल तर 7 मे 2026 ची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी स्कॉटलंड आणि वेल्सच्या विधानसभांची आणि लंडनच्या सगळ्या कौन्सिलांची निवडणूक आहे, आमची हॅरोचीही. वेल्समध्ये या वेळी मतांच्या प्रमाणात जागा मिळणार, त्यामुळे तिथे कुणाला रोखण्यासाठी मत द्यायची गरज कमी. तिथे लोक कुणाला पसंती देतात आणि लंडनमध्ये कुणाला अडवतात, हे एकाच रात्री शेजारी शेजारी बघायला मिळेल.