काइट हायड्रोफॉइलवर मजा म्हणून कोणत्या करामती करता येतात?

तुम्ही लिहिलंय की फॉइलवर (काइट ओढते तो बोर्ड, पाण्याखालच्या पंखावर वर उचलला जाणारा) दोन्ही बाजूंना सरळ जाता येतं, जाइबही (वारा पाठीशी घेत वळणं) अधूनमधून जमतो, पण रेसिंगमध्ये रस नाही आणि उंच उड्यांची भीती वाटते, मग पुढे करायचं काय. अहो, टवाळक्या करायच्या! मी गोव्यातल्या मोरजीला जातो, तिथे दुपारचा वारा बऱ्याचदा 10-12 नॉट्सच असतो, ट्विनटिपवाले (फॉइल नसलेला साधा काइट बोर्ड वापरणारे) वाळूत बसून वारा वाढायची वाट बघतात आणि फॉइलवाले तेवढ्यातच पाण्यात धिंगाणा घालतात.

एक गोष्ट मात्र आधी. फ्रंट विंग, म्हणजे फॉइलचा पुढचा पंख, पाण्यातच राहिली पाहिजे. ती वर आली की हवा ओढून घेते, लिफ्ट एका क्षणात जाते आणि तुम्ही तोंडावर. म्हणून काहीही नवीन करताना मास्ट (बोर्ड आणि विंग जोडणारा खांब) साधारण अर्धा पाण्यात ठेवायचा, पूर्ण उंचीवर हिरोगिरी नको.

सगळ्यात सोपं म्हणजे टिचकी. पुढच्या पायावर जरा भार द्या, बोर्ड खाली येऊन पाण्याला टेकतो, लगेच मागे भार घ्या की परत वर. टेकला तरी घाबरू नका, बोर्डाचं नाक वर वळलेलं असतं, तो आपणहून उसळतो. हे लागोपाठ करत गेलात की डॉल्फिन चाललाय असं वाटतं आणि किनाऱ्यावरची पोरं खूश. मग पाण्यात हात घालणं, बोर्ड वाऱ्याकडे कलवायचा, हार्नेसवर (काइटला जोडलेल्या कमरेच्या पट्ट्यावर) बिनधास्त लटकायचं, मागचा हात पाण्यातून ओढत न्यायचा. फोटोत हे जेवढं भारी दिसतं तेवढं अवघड अजिबात नाही.

गुडघ्यावर किंवा चक्क मांडी घालून बसणं माझं सगळ्यात आवडतं. स्ट्रॅप नसलेला बोर्ड हवा. काइट अकराच्या आसपास (घड्याळासारखं, बारा म्हणजे डोक्यावर) वर ठेवायची म्हणजे बरंचसं वजन हार्नेस उचलतं, आणि एकेक गुडघा टेकवायचा. लोक चुकतात कुठे, तर बसताना मागे सरकतात. भार मागे गेला की नाक वर, विंग बाहेर, खेळ खल्लास. बसल्यावरही वजन पाय होते तिथेच पडलं पाहिजे.

आमच्या ग्रुपमध्ये पेल्याची शर्यत असते, एका हातात काइटचा बार (धरायचा दांडा), दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला प्लास्टिकचा पेला, एक चक्कर मारून यायचं आणि ज्याचं कमी सांडलं तो जिंकला. स्टीलचं फुलपात्र नको, पडताना दातावर बसतं. फॉइल खालच्या चॉपला, म्हणजे बारीक लाटांना, जवळजवळ दाद देत नाही म्हणून हे जमतं, ट्विनटिपवर पेला पहिल्याच लाटेला रिकामा.

थोडं पुढे गेलात की पूर्ण गोल. जाइब घ्यायचा पण पाय बदलायचे नाहीत, म्हणजे तुम्ही टोसाइडला (पायाची बोटं वाऱ्याकडे) आलात, तिथून वळण तसंच चालू ठेवून काइट डोक्यावरून परत आणत टॅक (वाऱ्याला सामोरं जात वळणं) करायचा, की पुन्हा होतात त्याच दिशेला. टॅकच्या मध्यावर वेग मेला तर बुडालात, त्यामुळे आत शिरताना वेग हवा आणि काइट उशिरा नाही, जरा लवकरच हलवायची.

चालता चालता टाळी देणंही करतात. त्यात नियम एकच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्याने काइट वर न्यायची, खालच्याने खाली, नाहीतर 20-24 मीटरच्या लाइन्सचा गुंता होतो. अनोळखी माणसाला मागून जाऊन टाळी मागू नका, फॉइलचा आवाज फारसा येत नाही, समोरचा दचकून पडतो.

पॅरिस 2024 ऑलिम्पिकमध्ये मार्सेला काइट फॉइलिंग पहिल्यांदा होतं, सिंगापूरच्या मॅक्स मेडरने 17व्या वर्षी कांस्य घेतलं, ते बघून रेसवाली रॅम-एअर काइट (कापडाच्या कप्प्यांत वाराच भरून फुगणारी) घ्यायचा मोह होईल. टवाळक्यांसाठी नकोच. ती पाण्यात पडली आणि आत पाणी शिरलं की उठवताना वैताग, फुगवायची साधी काइट बरी.

हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट घालाच, विंगच्या कडा चांगल्याच लागतात. तोल गेला की बोर्ड पायाने आवरत बसू नका, सोडा आणि फॉइलपासून लांब पडा. पाणी निदान छातीएवढं असू दे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो तेव्हा उतरायचंच नाही, दुपारी तो समुद्राकडून येतो तेव्हा. आणि रापण ओढत असतील तर त्या पट्ट्यात फिरकू नका, मास्ट जाळ्यात गेला तर जाळंही फाटतं, तुमची दुपारही जाते, आणि वर कोकणीतून जे ऐकायला मिळतं ते मराठी माणसाला सगळं समजतं.