जॅक कमजोर की कोन चुकला? घरच्या डंपिंग ट्रॉलीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ बाय ५ फुटांची, दीड फूट उंच फाळक्यांची डंपिंग ट्रॉली करून घेतली. जॅक ६३ मिमीचा, डब्याच्या मधोमध. शेणखत भरले की ट्रॉली आरामात उचलते, तलावातला गाळ भरला की जागची हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळू. आवळावा का?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : स्क्रूला हात लावू देऊ नका. रिलीफ व्हॉल्व्ह दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल परत सोडतो; त्याचा स्क्रू पंपाचा आणि होजचा (तेलाच्या दाबनळीचा) जीव वाचवण्यासाठी असतो. आवळल्यावर ट्रॉली चार दिवस उचलेल, मग पंपाचे सील किंवा होज जाईल, आणि होज फुटली की भरलेला डबा एका दमात खाली येईल.

आधी वजनाचा हिशेब पाहा. तुमच्या डब्यात ६० घनफूट माल मावतो. शेणखत घनफुटाला साधारण १५ ते २० किलो, म्हणजे डबाभर एक टनाच्या आसपास. ओला गाळ घनफुटाला ४५ ते ५० किलो भरतो, म्हणजे तोच डबा पावणेतीन ते तीन टन. डब्याचे स्वतःचे ३०० किलो धरले तर जॅकला शेणखताचे १३०० किलो आणि गाळाचे ३१०० किलो उचलायचे आहेत. डबा भरलेला दिसतो तो सारखाच, वजन मात्र अडीचपट.

आता जॅकची ताकद. ६३ मिमी बोअरचे (जॅकच्या आतल्या व्यासाचे) क्षेत्रफळ ३१ चौ. सेंमी. दाब १५० किलो प्रति चौ. सेंमी मिळत असेल तर जॅक सुमारे ४६५० किलोने ढकलतो. ऐकायला भरपूर वाटते, पण डबा खाली असताना जॅक जवळजवळ आडवा असतो. त्याची बरीच ताकद डब्याला मागे बिजागरीकडे रेटण्यात जाते, उचलायला थोडीच उरते.

हे टेपने मोजता येते. डबा पूर्ण खाली ठेवा. जॅकच्या खालच्या आणि वरच्या पिनमधले उभे अंतर मोजा आणि पिन ते पिन लांबीने भागा. लांबी ९० सेंमी आणि उभे अंतर ३१ सेंमी असेल तर उत्तर ०.३४ येते (कोन सुमारे २० अंश). म्हणजे ४६५० किलोतून उचलायला फक्त १५८० किलो मिळतात. शेणखत उचलते आणि गाळ का उचलत नाही, ते या एका आकड्यात आहे.

तीन उपाय आहेत, याच क्रमाने करा.

पहिला, बिनखर्चाचा : गाळासाठी डब्याच्या आतून सगळीकडे ९ इंचांवर रंगाची रेघ मारा. त्या रेघेपर्यंत सुमारे दीड टन गाळ बसतो. मिनी ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन एक टनाच्या आसपास असते. ब्रेक नसलेली तीन टनांची ट्रॉली उतारावर त्याला ढकलत नेते, हे जॅकपेक्षा मोठे दुखणे आहे. मात्र आहे त्या कोनात दीड टन गाळ आणि डबा मिळून १८०० किलोही उचलणार नाहीत. कोन सुधारेपर्यंत ७ इंचांपर्यंतच भरा, आणि तेही जेमतेमच उचलेल.

दुसरा : कोन सुधारा. पिन ते पिन लांबी ९० सेंमीच ठेवून खालची पिन १४ सेंमी खाली घेतली की उभे अंतर ४५ सेंमी होते आणि भागाकार ०.५. तोच जॅक आता २३०० किलो उचलतो. पिनसाठी चासीच्या दोन्ही चॅनेलवरून पाय खाली सोडा, त्यांना आडवा आणि तिरपा आधार द्या. नुसत्या लोंबत्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात वाकतात. खाली जमिनीपासून किमान ३० सेंमी मोकळे राहू द्या, नाहीतर बांध ओलांडताना जॅकचे बूड घासेल.

तिसरा : वरची पिन बिजागरीपासून लांब, पुढे सरकवा. १.२ मीटरवरून १.५ मीटरवर नेली तर लागणारी ताकद २० टक्क्यांनी घटते, पण तेवढ्याच उंचीसाठी स्ट्रोक (दांडा बाहेर येण्याची लांबी) सव्वापट लागतो.

८० मिमीचा जॅक शेवटी. ताकद ७५०० किलोवर जाते हे खरे, पण तेल सुमारे १.६ पट लागते आणि कोन चुकलेलाच राहिला तर चासीवरचा आडवा रेटाही तेवढाच वाढतो.

प्रश्न : ट्रॉली अर्धी वर गेली की थरथरते, पंप किंचाळतो, तेलाला फेस येतो. तेल टाकले तर डबा खाली आल्यावर ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रातून) बाहेर येते.
– वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : तुम्ही डबा वर असताना तेल टाकता, गडबड तिथेच आहे. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर बॉक्सचेच तेल हायड्रॉलिकला जाते. ८० मिमी बोअर आणि ६० सेंमी स्ट्रोकचा जॅक ३ लिटर तेल ओढून घेतो. पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि फेस होतो.

डबा खाली, ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद अशा वेळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरा. तेल पुस्तिकेत दिले आहे त्याच ग्रेडचे. मग रिकामा डबा पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. तरीही फेस आला तर पंपाकडे येणाऱ्या पाईपचे जोड आणि ओ-रिंग (रबरी कडी) बघा. या बाजूने तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून दोष डोळ्याला दिसत नाही. पातळी बरोबर, जोड घट्ट आणि तरी तेल कमी पडते, असे असेल तर वेगळी टाकी आणि पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा पंप हाच मार्ग.

तेल दुधासारखे पांढरट असेल तर त्यात पाणी आहे, ते बदलावेच लागेल. आणखी एक : ट्रॉली शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली की जॅकमधले त्याचे जुने तेल तुमच्या गिअर बॉक्समध्ये येते. कप्लरला (होज जोडायच्या तोंडाला) टोपी लावा, जोडण्याआधी फडक्याने पुसा.

प्रश्न : काळी ओली माती पुढच्या कोपऱ्यात चिकटून राहते. ट्रॅक्टर पुढे घेऊन झटका दिला तर चालेल का?
– वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : नाही. डबा वर असताना सगळे वजन जॅकच्या पूर्ण बाहेर आलेल्या दांड्यावर असते. झटक्याने दांडा वाकतो. शिवाय मागचा माल गेला, पुढचा अडकला की वजन उंचावर राहते आणि एक चाक मऊ जमिनीत रुतले तर ट्रॉली आडवी होते.

कोरड्या मुरमाला ४० ते ४५ अंश पुरतात, ओली काळी माती ५० अंशांनाही धरून बसते. म्हणून चिकटण्याची जागाच कमी करा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या वेल्ड करा. तळाचा पत्रा सलग ठेवा, जोड आडवा येऊ देऊ नका. डबा मागे पुढच्यापेक्षा २ इंच रुंद असला की माल अडत नाही. भरण्याआधी तळावर सोयाबीनचे कोरडे भुसकट पातळ पसरा. मागचा फाळका वरून बिजागरीवर टांगलेला हवा, आणि उचलण्याआधी त्याची खालची कडी उघडायची. बिजागरी एक्सलच्या फार मागे असेल तर माल सरकताना हूक वर उचलला जातो. ती एक्सलच्या मागे १५ ते २० सेंमीपेक्षा जास्त नको, आणि हुकाच्या पिनला क्लिप हवीच.

८ फुटी डबा ४५ अंशांवर गेला की पुढची कड जमिनीपासून साधारण ९ ते १० फुटांवर जाते. शेतातल्या विजेच्या तारा उन्हाळ्यात झोल खातात. उचलण्याआधी वर बघा.

प्रश्न : वर उचललेला डबा हळूहळू खाली बसतो. दोष जॅकचा की ट्रॅक्टरचा?
– वाचक, परतूर, जि. जालना

उत्तर : चासीवर हुकाजवळ, डब्याखाली न जाता हात पोचेल अशा जागी, होजच्या वाटेत हाय प्रेशर बॉल व्हॉल्व्ह बसवा. रिकामा डबा वर करून तो बंद करा. डबा थांबला तर दोष ट्रॅक्टरच्या लिव्हर व्हॉल्व्हमध्ये. तरीही बसत राहिला आणि जॅकच्या ब्रीदरला तेल दिसले तर पिस्टनचे सील गेले. सील बदलताना दांड्यावर नख फिरवा. ओरखडा नखाला लागत असेल तर नवे सीलही फाटेल, आधी दांडा दुरुस्त करा.

डब्याखाली जायचे असेल तर चासीला बिजागरीने जोडलेला लोखंडी टेका लावूनच, आणि डबा रिकामा असतानाच. लाकडी ओंडका चालणार नाही. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडीत घुसते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत बोट सडते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि दाबाचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.