बंब पेटवला की न्हाणीघर धुरानं भरतं, पाणीही लवकर तापत नाही. काय करावं? (ग्वाल्हेर)

आधी लाकडं बदला, ती ओली असणार. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जाळाची ऊब त्याची वाफ करण्यातच जाते आणि धूर होतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा: खणखणीत वाजल्या आणि टोकांना चिरा दिसल्या तर वाळलेल्या, बद्द आवाज आला तर अजून ओल्या. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात आमच्याकडे थंडीभर बंब रोज पेटतो, म्हणून सांगते, बाभळीचं जाड लाकूड उन्हाळाभर वाळवून पावसाळ्यात छपराखाली ठेवलेलं असेल तरच दिवाळीनंतर नीट जळतं. मग मधली नळी बघा. काजळीचा थर बसला की धूर वर ओढला जात नाही आणि आच पाण्यापर्यंत पोचत नाही. बंब गार असताना काठीला काथ्या बांधून नळी वरून खाली घासा, जाळीखालची राख रोज काढा. पाणी भरल्याशिवाय मात्र कधीच पेटवू नका, सांधे सुटतात.

हे सगळं करूनही बंब बंद न्हाणीघरात असेल तर तो अंगणात हलवाच. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर दिसत नसला तरी हा वायू जीव घेतो.